त्रास नसताना लघवीचं कल्चर कशाला?

गुडघा बदलण्याचं ऑपरेशन ठरलं की 'फिटनेस'च्या चिठ्ठीवर रक्त, ईसीजी, छातीचा एक्स-रे यांच्या जोडीला लघवीची तपासणीही असते. सत्तरीच्या बाईंना लघवीचा काहीही त्रास नसतो. जळजळ नाही, ताप नाही, सारखं जावं लागत नाही. तरी दोन दिवसांनी रिपोर्ट येतो: पस सेल्स (लघवीत उतरलेल्या पांढऱ्या पेशी) १५ ते २०, कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, एशेरिकिया कोलाय हा जंतू, संख्या मिलिलिटरला एक लाखापेक्षा जास्त. ऑपरेशनची तारीख पुढं जाते आणि अँटिबायोटिकचा कोर्स सुरू होतो. कोर्स संपल्यावर पुन्हा कल्चर केलं तर त्यात क्लेब्सिएला नावाचा दुसराच जंतू निघतो, आणि या वेळी तो गोळ्यांना दाद देणारा नसतो, म्हणून इंजेक्शनं चालू होतात. महिना उलटतो. गुडघा दुखतो तसाच दुखत असतो.

हा सगळा उपद्व्याप टाळता येण्यासारखा आहे. मूत्राशयात जंतू मुक्कामाला असणं ही एक गोष्ट, आणि त्यांच्यामुळं माणूस आजारी पडणं ही दुसरी. वैद्यकशास्त्रानं हा फरक केव्हाच मान्य केला आहे, पण आपल्या दवाखान्यांत, लॅबमध्ये आणि घराघरांत तो अजून पोचलेला नाही. ज्यांना तपासायची गरज नाही त्यांची लघवी आपण वारंवार तपासतो, आणि ज्यांची तपासायलाच हवी त्यांना सोडून देतो. माझ्या मते या प्रश्नाचा गाभा औषधांच्या दुकानापाशी नाही. तो तपासणीच्या चिठ्ठीपाशी आहे.

आधी तो 'एक लाख' कुठून येतो ते पाहू. लॅबमध्ये लघवीच्या नमुन्यात तारेचं एक बारीक कडं बुडवतात. त्या कड्यात बरोबर ०.००१ मिलिलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग लघवी मावते. ती मॅकॉन्की किंवा क्लेड नावाच्या माध्यमाच्या प्लेटवर पसरतात आणि प्लेट ३७ अंशांवर १८ ते २४ तास ठेवतात. दुसऱ्या दिवशी प्लेटवर ठिपक्यांसारख्या वसाहती दिसतात. एशेरिकिया कोलायच्या वसाहती मॅकॉन्कीवर गुलाबी, क्लेडवर पिवळ्या. जितक्या वसाहती मोजल्या त्याला हजारानं गुणायचं. शंभर ठिपके म्हणजे दर मिलिलिटरला एक लाख जंतू. नमुना सकाळी आठला घेतला आणि कलेक्शन सेंटरच्या टेबलावर दुपारी गाडी येईपर्यंत तसाच पडून राहिला, तर मधल्या वेळात जंतू वाढतच असतात. म्हणून नमुना दोन तासांत प्लेटवर जायला हवा. ते शक्य नसेल तर फ्रिजमध्ये २४ तासांपर्यंत चालतो, किंवा बोरिक ॲसिड घातलेल्या नळीत पाठवावा लागतो. गावोगावच्या किती कलेक्शन सेंटरांमध्ये हे पाळलं जातं, हे रुग्णानं विचारायला हरकत नाही.

एक लाखाची ही रेघ १९५० च्या दशकात बॉस्टनच्या एडवर्ड कास यांनी आखली. त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता: नमुन्यात दिसणारे जंतू खरोखर मूत्राशयातले आहेत, की लघवी बाहेर पडताना कातडीवरून आणि योनिमार्गातून मिसळलेले? एक लाखाच्या वर संख्या असेल तर ते बहुधा आतलेच, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे ही रेघ 'बाहेरचे की आतले' एवढंच सांगते. 'आजार आहे की नाही' हे ती सांगत नाही, आणि ते सांगण्यासाठी ती आखलेलीही नव्हती. सत्तर वर्षं होत आली तरी रिपोर्ट हातात पडताच आपण तिला आजाराची रेघ समजतो.

आता हे जंतू किती जणांच्या लघवीत निवांत राहतात ते बघा. पाळी अजून गेलेली नाही अशा निरोगी बायकांमध्ये शंभरातल्या १ ते ५ जणींच्या लघवीत ते सापडतात. सत्तरी ओलांडलेल्या, घरीच राहणाऱ्या बायकांमध्ये शंभरात ११ ते १६, मधुमेह असलेल्या बायकांमध्येही साधारण तितकेच. परदेशांतल्या वृद्ध-शुश्रूषागृहांत राहणाऱ्या बायकांमध्ये २५ ते ५०. तरुण पुरुषांमध्ये जवळपास नाहीच, पण प्रोस्टेट वाढून लघवी पूर्ण सुटेनाशी झाली की पुरुषांतही प्रमाण चढत जातं. याला वैद्यकात लक्षणरहित जंतुमूत्रता म्हणतात. या बहुतेकांचं पुढं काहीही बिघडत नाही. जंतू काही महिने राहतात, कधी आपण होऊन जातात, कधी त्यांची जागा दुसरे घेतात.

'पण पस सेल्सही आहेत ना!' हा पुढचा प्रश्न ठरलेला. जंतू मुक्कामाला असले की पांढऱ्या पेशी लघवीत उतरतातच. शरीर त्यांच्यावर लक्ष ठेवून आहे, एवढाच त्याचा अर्थ. मुतखडा, कॅथेटर (मूत्राशयात घातलेली नळी), योनिमार्गातला स्राव यांनीही पस सेल्स दिसतात. रिपोर्टमध्ये एपिथेलियल सेल्सही (कातडीच्या आणि अस्तराच्या पेशी) बऱ्याच असतील, किंवा कल्चरमध्ये तीन-चार प्रकारचे जंतू एकत्र वाढले असतील, तर नमुना घेतानाच बाहेरची भर पडलेली असते. अशा वेळी औषध लिहिण्याआधी नमुना पुन्हा घ्यायचा: बायकांनी नुसत्या पाण्यानं धुऊन, योनीचे ओठ बाजूला करून, सुरुवातीची धार सोडून द्यायची आणि मधली धार रुंद तोंडाच्या निर्जंतुक डबीत धरायची, डबीच्या आत बोट लागू द्यायचं नाही. पस सेल्स नसतील तर संसर्ग नसण्याची शक्यता मोठी, हा उलटा उपयोग मात्र खरा आहे.

पस सेल्सची एक बाजू आपल्या देशात विसरून चालणार नाही. पस सेल्स वारंवार येतात आणि साध्या कल्चरमध्ये काहीच वाढत नाही, तेव्हा मूत्रमार्गाच्या क्षयाचा विचार झाला पाहिजे. त्यासाठी लागोपाठ तीन दिवस पहाटेच्या पहिल्या लघवीचे नमुने आणि सीबीनॅट (क्षयाचे जंतू जनुकांवरून ओळखणारी) तपासणी असते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातली औषधं क्षयाच्या जंतूंवरही अर्धवट काम करतात. 'युरिन इन्फेक्शन' म्हणून ती परत परत दिली की क्षय काही काळ दबतो, निदान लांबतं आणि तोवर किडनी खराब होत राहते.

उपचार न करणं सुरक्षित आहे हे कशावरून? हे नुसतं मत नाही, यावर चाचण्या झाल्या आहेत. कॅनडात मधुमेही बायकांच्या दोन गटांपैकी एकाला अँटिबायोटिक आणि दुसऱ्याला नुसती दिखाऊ गोळी देऊन तीन वर्षांपर्यंत पाहिलं, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. औषधानं जंतू तात्पुरते गेले, पण त्रास होण्याचं किंवा किडनीला संसर्ग होण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही. अँटिबायोटिक मात्र कितीतरी जास्त पोटात गेलं. इटलीतल्या २०१२ च्या अभ्यासानं तर डोळेच उघडले. वरचेवर मूत्रसंसर्ग होणाऱ्या, पण त्या वेळी काही त्रास नसताना कल्चरमध्ये जंतू निघालेल्या ६७३ तरुण बायका घेतल्या. काहींना औषध दिलं, काहींना दिलं नाही. वर्षभरात ज्यांना औषध दिलं त्यांनाच संसर्ग पुन्हा होण्याचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं.

याचं कारण समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं होतं. मुक्कामाला असलेले सौम्य जंतू जागा अडवून बसलेले असतात. ते मारले की जागा रिकामी होते, आणि रिकाम्या जागेत येणारा पाहुणा आतड्यातून येतो. ते आतडं तर नुकतंच त्याच अँटिबायोटिकनं धुऊन निघालेलं, म्हणजे तिथं वाचलेले जंतू औषधाला न जुमानणारेच. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या एका शाळकरी मुलीच्या लघवीत एशेरिकिया कोलायचा एक वाण सापडला. ८३९७२ या क्रमांकानं तो ओळखला जातो. तिच्या मूत्राशयात तो तीन वर्षं होता आणि तिला काहीही झालं नाही. पुढं कळलं, की मूत्रमार्गाच्या भिंतीला चिकटायला जंतूंना जे तंतू लागतात ते बनवण्याची क्षमताच या वाणानं गमावली आहे. ज्यांचं मूत्राशय नीट रिकामं होत नाही आणि ज्यांना वारंवार संसर्ग होतो अशा रुग्णांच्या मूत्राशयात लुंड इथल्या संशोधकांनी हाच वाण मुद्दाम सोडला. तो टिकून असलेल्या काळात त्यांचा त्रास कमी झाला. मूत्राशयात जंतू सोडून संसर्ग रोखला जातो, हे पचायला जड जातं. कारण लघवी निर्जंतुक असते असं आपण पिढ्यान् पिढ्या शिकत आलो. २०१२ नंतर शिकागोतल्या लोयोला विद्यापीठाच्या गटानं, जनुकीय तपासणी आणि जास्त लघवी वापरून जास्त वेळ ठेवलेली कल्चरं यांच्या आधारे, निरोगी बायकांच्या मूत्राशयातही जंतूंची वस्ती असते हे दाखवून दिलं.

अमेरिकेतल्या इन्फेक्शस डिसीजेस सोसायटीनं २०१९ साली हा सगळा पुरावा एकत्र करून नियम सांगितला. त्रास नसताना लघवीतले जंतू शोधावेत आणि मारावेत ते दोनच प्रसंगी: गरोदरपणात, आणि मूत्रमार्गाच्या आतल्या अस्तराला इजा होऊ शकेल अशा शस्त्रक्रियेआधी, म्हणजे दुर्बिणीनं प्रोस्टेट कापणं किंवा खडा फोडणं. गुडघा, खुबा, मोतीबिंदू, हर्निया यात बसत नाहीत. मधुमेह बसत नाही. म्हातारपण बसत नाही. मणक्याला इजा झालेले, कॅथेटर असलेले, किडनी बदलून महिना उलटलेले, कुणीच बसत नाही.

म्हाताऱ्या माणसांची गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी, कारण घरच्यांची घालमेल इथं सगळ्यात जास्त असते. आजी अचानक असंबद्ध बोलायला लागतात, रात्रभर जागतात, माणसं ओळखत नाहीत. कुणीतरी 'युरिन इन्फेक्शन असेल' म्हणतं, कल्चर होतं, त्यात जंतू निघतात आणि शोध तिथंच थांबतो. पण या वयात जंतू निघण्याची शक्यता मुळातच इतकी मोठी आहे, की ते निघाले म्हणून भ्रमाचं कारण सापडलं असं होत नाही. ताप, थंडी, कंबरेच्या बाजूला दुखणं, लघवीला नव्यानं जळजळ यांपैकी काही नसेल आणि रक्तदाब वगैरे स्थिर असेल, तर आधी बाकीची कारणं बघायची. पाणी कमी पडलंय का, रक्तातला सोडियम उतरलाय का, साखर खाली किंवा वर गेलीय का, शौचाला किती दिवस झालं नाही, लघवी तुंबलीय का, गेल्या आठवड्यात झोपेची किंवा ॲलर्जीची नवी गोळी सुरू झाली का. वर सांगितलेल्या अमेरिकी सोसायटीच्या मार्गदर्शिकेचा सल्लाही अँटिबायोटिक सुरू न करता बारकाईनं लक्ष ठेवण्याचाच आहे. अँटिबायोटिक देऊन 'काहीतरी केलं' असं वाटतं खरं, पण सोडियम खालीच राहतो. शिवाय सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटानं स्नायूबंध तुटणं, नसांना इजा आणि खुद्द भ्रमसुद्धा होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१६ मध्येच बजावलं, की साध्या मूत्रसंसर्गात दुसरा पर्याय असेल तर ही औषधं वापरू नयेत.

कॅथेटरचं तर विचारूच नका. पक्षाघात किंवा खुब्याचं हाड मोडल्यावर घातलेली नळी घरी आल्यावरही महिनोन् महिने तशीच असते. नळी घातल्यापासून रोज शंभरातल्या ३ ते ५ रुग्णांच्या लघवीत नव्यानं जंतू शिरतात, आणि महिनाभरात जवळपास प्रत्येकाच्याच लघवीत ते असतात. नळीच्या आतबाहेर त्यांचा बुळबुळीत थर जमतो, त्यात अँटिबायोटिक पोचत नाही. म्हणून नळी असलेल्या माणसाचं 'रूटीन' कल्चर हा पैशांचा आणि औषधाचा निव्वळ नाश आहे. लघवी गढूळ झाली, वास आला, ही संसर्गाची खूण नाही. ताप, थंडी वाजणं, ओटीपोटात किंवा कुशीत दुखणं, रक्तदाब पडणं, या खुणा. तेव्हाही नमुना नळीला जोडलेल्या लघवीच्या पिशवीतून कधीच घ्यायचा नाही. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर आधी ती बदलायची आणि नव्या नळीतून नमुना घ्यायचा, नाहीतर मूत्राशयाऐवजी जुन्या नळीवरच्या थराचं कल्चर होतं.

घरी सांभाळणाऱ्यांना उपयोगी पडणारी माहिती वेगळीच आहे. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. कूस बदलताना पिशवी पोटावर ठेवायची नाही, त्यानं लघवी उलटी जाते. नळी आणि पिशवीचा जोड उगाच उघडायचा नाही. औषधी पाण्यानं मूत्राशय नियमित धुण्याचा किंवा नळी बदलताना दर वेळी अँटिबायोटिक देण्याचा फायदा नाही. नळी वारंवार तुंबत असेल तर बहुधा प्रोटियस नावाचा जंतू आहे. तो लघवीतला युरिया फोडून अमोनिया बनवतो, लघवी अल्कधर्मी होते आणि नळीच्या तोंडाशी खडूसारखे स्फटिक साचतात. त्याला गोळी पुरत नाही. नळी बदलावी लागते आणि मूत्राशयात खडा आहे का ते पाहावं लागतं. कधी कधी पिशवी चक्क जांभळी होते आणि घरचे घाबरून रात्री दवाखाना गाठतात. जुनाट बद्धकोष्ठ असलेल्या रुग्णाच्या आतड्यात तयार झालेली द्रव्यं लघवीत उतरतात, तिथले जंतू त्यांचे निळे आणि लाल रंग बनवतात, दोन्ही मिसळून जांभळा दिसतो. पोट साफ होईल असं बघायचं आणि नळी-पिशवी बदलायची. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न रोज विचारायचा: ही नळी अजून हवीच का? पुरुषांसाठी कंडोम कॅथेटर आहे, दिवसातून चार-पाच वेळा नळी घालून लगेच काढण्याची पद्धत आहे, साधं डायपरही आहे.

आता ज्यांची तपासणी व्हायलाच हवी त्यांच्याकडे वळू. गरोदर बाईच्या लघवीत जंतू असले आणि दुर्लक्ष झालं, तर शंभरातल्या २० ते ३५ जणींना पुढं किडनीचा संसर्ग होतो. उपचार केले तर हे प्रमाण १ ते ४ वर येतं. इथं जंतू तेच आणि 'त्रास नाही' हेही तेच. बदललंय ते शरीर. गर्भाशयाचा दाब आणि संप्रेरकांमुळं ढिल्या पडलेल्या मूत्रनलिका यांमुळं जंतूंना वर चढणं सोपं जातं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, की गरोदरपणी मधल्या धारेचं कल्चर करावं, ते नसेल तिथं नुसत्या डिपस्टिकपेक्षा (लघवीत बुडवायच्या रंग बदलणाऱ्या पट्टीपेक्षा) काचपट्टीवरचं ग्रॅम स्टेन, म्हणजे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, बरं, आणि जंतू सापडले तर सात दिवसांचा कोर्स द्यावा. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एएनएम ताई गरोदर बाईच्या लघवीत बघतात ते मुख्यतः अल्ब्युमिन हे प्रथिन आणि साखर. कल्चरची सोय तिथं नसते. शहरातल्या खासगी लॅबमध्ये धडधाकट माणसाचं कल्चर 'फुल बॉडी चेकअप'च्या नावाखाली होऊ शकतं, आणि पाड्यावरच्या पाच महिन्यांच्या गरोदर बाईचं होत नाही. या उलट्या वाटणीचा राग यायला हवा. बोरिक ॲसिडची नळी केंद्रात ठेवून, रक्ताचे नमुने जातात त्याच गाडीनं ती जिल्हा रुग्णालयाच्या लॅबला पाठवणं अवघड नाही. नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक स्वस्त आहे. दिवस भरत आले की ते टाळायचं, कारण बाळाच्या रक्तपेशी फुटण्याची भीती असते, आणि कोर्सनंतर आठवड्यानं कल्चर पुन्हा करायचं, एवढं भान ठेवलं की झालं.

जननमार्गाच्या जंतूंबाबतही हाच गोंधळ आहे, आणि महाराष्ट्रात त्याची किंमत बायकांनी फार मोठी मोजली आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली, तो अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग होता, आणि त्याआधी ज्यांची अशी तपासणी झाली होती त्या फक्त ८ टक्के. म्हणजे तक्रार सांगायला जागाच नव्हती. पुढं जागा मिळाली तेव्हा काय झालं? बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीनं पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. 'अंगावरून पांढरं जातं' या तक्रारीवर कॅन्सरची भीती घालून पिशवी काढल्याच्या कहाण्या त्या वेळी सगळ्यांनी ऐकल्या आहेत.

पांढरं जाणं पुष्कळदा आजारच नसतो. निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस जंतूंची वस्ती असते, ते आम्ल बनवतात आणि पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) ३.८ ते ४.५ च्या दरम्यान ठेवतात. पाळीच्या चक्राबरोबर स्राव कमी-जास्त होतो. ही वस्ती उठली की गार्डनरेला नावाचा जंतू आणि त्याचे सोबती फोफावतात, पीएच ४.५ च्या वर जातो आणि मासळीसारखा वास येतो. हे ओळखायला पीएचचा कागद, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब, काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक लागतं, आणि दहा मिनिटं. सरकारी दवाखान्यांत वर्षानुवर्षं तपासणीऐवजी हिरवं किट हातात दिलं गेलं: सेक्निडाझोल आणि फ्लुकोनॅझोल, जंतूवर एक आणि बुरशीवर एक, जे लागू पडेल ते. खरोखर जंतुदोष असला तरी मेट्रोनिडाझोलच्या सात दिवसांच्या कोर्सनंतर निम्म्याहून जास्त बायकांना वर्षभरात तो परत होतो. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत नवऱ्यालाही बरोबरीनं सात दिवस गोळ्या आणि लावायचं क्लिंडामायसिन मलम दिलं, तेव्हा १२ आठवड्यांत परत होण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ वर आलं. बाईलाच परत परत औषध देत बसण्याची आपली सवय किती एकांगी होती, हे यावरून दिसतं. सुगंधी लिक्विडनं आतून धुणं तर सरळ बंद करावं.

पाळी गेलेल्या बायकांना जेव्हा खरा, त्रासाचा मूत्रसंसर्ग वारंवार होतो, तेव्हाही अँटिबायोटिकच्या आधी ही लॅक्टोबॅसिलसची वस्ती आठवायला हवी. १९९३ च्या एका चाचणीत योनिमार्गात लावायचं एस्ट्रिऑल क्रीम, ०.५ मिलिग्रॅम, दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा दिलं. लॅक्टोबॅसिलस परतले आणि वर्षाला सरासरी ५.९ वेळा होणारा संसर्ग ०.५ वर आला. तरुण बायकांमध्ये नुसतं रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायल्यानं वर्षाचे प्रसंग ३.२ वरून १.७ वर आल्याचं २०१८ साली दिसलं. आता बाजारात, शेतावर, बसस्टँडवर दिवस काढणाऱ्या बाईला 'पाणी प्या' म्हणायचं तर तिला स्वच्छ मुतारी हवी. मुंबईतल्या 'राइट टू पी' चळवळीची मागणी ही संसर्ग टाळण्याचीही मागणी आहे.

या सगळ्यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. काही बायकांना वर्षानुवर्षं उन्हाळ्या लागल्यासारखी जळजळ असते, कल्चर मात्र कोरं येतं आणि त्यांना 'तुमच्या मनाचे खेळ' म्हणून घरी पाठवलं जातं. तपासण्या कमी करा म्हटल्यावर यांचं काय? या बायका बरोबर असू शकतात. १९८२ मध्येच अमेरिकेतल्या डॉ. वॉल्टर स्टॅम यांनी दाखवलं, की त्रास असलेल्या बाईत मिलिलिटरला १०० जंतूसुद्धा खरा संसर्ग असू शकतो. सेंट लुईसच्या स्कॉट हल्टग्रेन यांच्या गटानं उंदरांमध्ये दाखवलं, की एशेरिकिया कोलाय मूत्राशयाच्या पेशींच्या आत दडून बसू शकतो, लघवीत न दिसता. म्हणजे एक लाखाची रेघ दोन्हीकडून फसवते: त्रास नसलेल्याला आजारी ठरवते आणि त्रास असलेलीला खोटं पाडते. म्हणूनच तक्रार आधी ऐकली पाहिजे, आणि आकडा तिच्या उजेडात वाचला पाहिजे. त्रास आहे तिथं तपासणी जास्त नीट, कमी आकडाही कळवायला सांगून, व्हावी.

करायचं काय, तर लॅबच्या चिठ्ठीवर एक चौकट छापायची: जळजळ, ताप, कुशीत दुखणं, गरोदर, मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया. यातलं काहीच खुणावलेलं नसेल तर नमुना प्लेटवर लावायचाच नाही, डॉक्टरांना फोन करायचा. टोरंटोतल्या एका रुग्णालयानं याहून सोपं केलं. नळी नसलेल्या दाखल रुग्णांचं कल्चर आलं तरी आकडा आपण होऊन कळवायचा नाही, 'संसर्गाची शंका असेल तर लॅबला विचारा' एवढंच लिहायचं. त्रास नसताना उपचार होण्याचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून १२ वर आलं. केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालकांनी जानेवारी २०२४ मध्ये अँटिबायोटिक लिहिताना कारण लिहा असं पत्र काढलं आहेच. सेफिक्झिम हे अँटिबायोटिक शेड्यूल एच-वन या, विक्रीची नोंद सक्तीची असलेल्या औषधांच्या यादीत आहे, त्याची नोंद दुकानदारानं तीन वर्षं ठेवायची असते. पण रिपोर्टवर एक लाख छापून आला की कारण लिहिणं सोपं होतं आणि नोंदही बिनबोभाट होते. हे दोन्ही नियम तपासणी झाल्यानंतरचे आहेत.

महापालिका आणि सरकारी रुग्णालयांच्या लॅबना यासाठी नवं यंत्र लागत नाही, नवी भरती लागत नाही. चिठ्ठीचा मजकूर बदलावा लागतो आणि मायक्रोबायोलॉजीच्या डॉक्टरांना 'हा नमुना लावणार नाही' म्हणण्याचा लेखी अधिकार द्यावा लागतो. त्यातून वाचलेल्या प्लेटा गरोदर बायकांच्या नमुन्यांसाठी वापरता येतील. खासगी लॅबनी चेकअपच्या पॅकेजमधून लघवीचं कल्चर काढून टाकावं, आणि ऑर्थोपेडिक सर्जन, भूलतज्ज्ञांनी आपल्या फिटनेसच्या छापील यादीतून ती ओळ खोडावी.